मनगट दुखते? एका बोटाने दाखवा

“मनगट दुखतंय” हे वाक्य आपल्या घरांत इतक्या वेळा उच्चारले जाते की ऐकणाऱ्यांचे कान त्याला सरावले आहेत. रमजानमध्ये रोज समोशांच्या पट्ट्या लाटणारी अम्मी ते म्हणते. मदनपुऱ्यात दिवसभर बॅगा शिवणारा भाऊ म्हणतो. बाळंतपणासाठी माहेरी आलेली बहीण म्हणते. गल्लीत क्रिकेट खेळताना हातावर पडलेला मुलगाही तेच म्हणतो. वाक्य एकच, पण चौघांचे दुखणे चार वेगळ्या जागी आणि चार वेगळ्या कारणांनी असू शकते. आपण मात्र चौघांनाही एकच इलाज सांगतो : बाम चोळ, कपडा घट्ट बांध, मेडिकलमधून गोळी आण.

डॉक्टरांकडे गेलो तरी आपली अपेक्षा ठरलेली असते. “साहेब, फोटो काढा.” एक्स-रे किंवा एमआरआय झाला म्हणजे तपासणी झाली, असे आपण समजतो. डॉक्टर नुसता हात हातात घेऊन दाबून, वाकवून पाहू लागले की आपल्याला वाटते, हे उगाच वेळ घालवत आहेत. खरे तर मनगटाच्या बहुतेक दुखण्यांचा माग या आठ-दहा मिनिटांतच लागतो. फोटो काढायचा की नाही आणि काढला तर त्यात काय शोधायचे, हेही त्यातूनच ठरते. ही तपासणी कशी होते आणि तिच्यात आपला वाटा किती मोठा आहे, हे वाचकांपुढे ठेवावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत. घरच्या घरी निदान करण्यासाठी तो नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय सांगायचे आणि काय दाखवायचे, हे कळावे, एवढाच त्याचा हेतू आहे.

बांगडीएवढ्या जागेत

कोपरापासून खाली हातात दोन लांब हाडे असतात. अंगठ्याच्या बाजूचे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना. त्यांच्या पुढे दोन रांगांत आठ छोटी हाडे बसवलेली असतात. ती एकमेकांना अस्थिबंधांनी बांधलेली असतात. त्यांच्यावरून आणि खालून बोटांकडे कंडरा जातात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी. तळहाताच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. त्यातून ९ कंडरा आणि हाताची एक मुख्य नस दाटीवाटीने जाते. एवढा सगळा संसार बांगडीच्या घेरात मावलेला आहे.

म्हणूनच इथे एका बोटाच्या अंतराने निदान बदलते. जाणते डॉक्टर सुरुवातीलाच म्हणतात, “मावशी, एका बोटाने दाखवा, सगळ्यात जास्त कुठं दुखतं?” आपण दुसऱ्या हाताने अख्खे मनगट धरून म्हणतो, “इथं सगळीकडं.” थोडे थांबून, स्वतःच हलके दाबून ती एक जागा शोधली, तर निम्मी वाट तिथेच सरते.

“घरीच असते”

हात लावण्याआधी डॉक्टर विचारपूस करतात. दुखणे कधीपासून आहे? पडलात का? रात्री वाढते का? मुंग्या येतात का आणि नेमक्या कोणत्या बोटांना? सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेला असतो? दुसरा हातही दुखतो का? मधुमेह, थायरॉइड आहे का? बाई गरोदर आहे का, नुकती बाळंत झाली आहे का?

मग प्रश्न येतो कामाचा. दादरच्या फूलबाजारात हार ओवणाऱ्याचे मनगट दुखणे वेगळे, लालबागमध्ये मसाल्याच्या मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बाईचे वेगळे, जरीकाम करणाऱ्या कारागिराचे वेगळे. गिरगावात १९५९ साली सात बायकांनी गच्चीवर पापड लाटून लिज्जतचा उद्योग सुरू केला. त्या उद्योगाचे भांडवल काय होते, असे विचारले तर उसन्या रकमेइतकेच खरे उत्तर ‘मनगट’ असे आहे. पण आपल्या घरातल्या बाईला डॉक्टरांनी “काय काम करता?” असे विचारले की ती सांगते, “काही नाही, घरीच असते.” या चार शब्दांत पोळ्या लाटणे, ओले कपडे पिळणे, पाण्याच्या बादल्या उचलणे, मूल कडेवर घेणे आणि वर शिलाईचे किंवा टिकल्या लावण्याचे घरकाम, सगळे झाकून जाते. ज्या हालचालीने दुखणे झाले तीच डॉक्टरांना कळत नाही. मग कागदावर फक्त ‘हातदुखी’ लिहिले जाते.

नमाज पढणाऱ्याकडे आणखी एक उपयोगी माहिती असते. सजद्यात तळवा जमिनीवर टेकवताना मनगट मागे वाकते आणि त्यावर भार येतो. “सजद्यात जाताना दुखतं, एरवी नाही,” किंवा “हात टेकून उठताना करंगळीच्या बाजूला कळ येते,” असे सांगितले, तर डॉक्टरांना हालचाल, भार आणि जागा या तिन्ही गोष्टी एका वाक्यात मिळतात. धर्माची गोष्ट दवाखान्यात कशी सांगायची, असा संकोच धरू नये.

पाहणे, दाबणे, हलवणे

आता डॉक्टर दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे करून टेबलावर ठेवायला सांगतात. दुखरा हात एकच असला तरी दोन्ही. कारण आपला चांगला हात हेच आपले माप. सूज आहे का, गाठ आहे का, हाताचा आकार बदलला आहे का, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा एका बाजूला सपाट झाला आहे का, हे आधी नजरेने पाहतात. मग बोटाच्या टोकाने एकेक जागा दाबतात. दुखरी जागा मुद्दाम शेवटी दाबतात, म्हणजे रुग्ण आधीच हात आखडून घेत नाही.

त्यानंतर हालचाल. दोन्ही तळवे छातीसमोर एकमेकांना चिकटवून कोपरे वर उचलायला सांगितले की मनगट मागे किती वाकते ते दिसते. हातांच्या पाठी एकमेकींना लावून कोपरे खाली सोडली की पुढे किती वाकते ते दिसते. निरोगी मनगट दोन्हीकडे साधारण ७० ते ८० अंश वाकते. मग हात अंगठ्याकडे, करंगळीकडे वळवून पाहतात. तळवा दुआसाठी धरतो तसा वर आणि मग पालथा करून पाहतात. शेवटी मूठ आवळायला सांगून पकडीतला जोर पाहतात. कधी कधी डॉक्टर कोपर आणि मानही तपासतात. “दुखतंय मनगट आणि हे मान का वळवायला सांगतात?” असे वाटू देऊ नये. मानेत दबलेल्या नसेच्या मुंग्या हातात जाणवतात.

तपकिरीच्या डबीची जागा

अंगठा ताठ वर करा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दोन दोऱ्यांच्या मधे एक खळगा दिसेल. पूर्वी लोक या खळग्यात चिमूटभर तपकीर ठेवून ओढत. म्हणून वैद्यकात त्याचे नावच ‘तपकिरीची डबी’ पडले. या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचे नावेच्या आकाराचे छोटे हाड असते. माणूस तळवा पुढे करून पडला की बऱ्याचदा हेच हाड मोडते, विशेषतः तरुण मुलांमध्ये.

या हाडाची गोष्ट निराळी आहे. हात वाकडा दिसत नाही. सूज फारशी नसते. मुलगा बोटे हलवतो. पहिल्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये बारीक भेग अनेकदा दिसतही नाही. आणि या हाडाला बहुतेक रक्त बोटांकडच्या टोकाने मिळते. मधे तडा गेला की कोपराकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग हाड जुळत नाही, कधी तो तुकडा निकामी होतो आणि काही वर्षांत मनगटाचा सांधा झिजतो.

आमच्या वर्गातला एक विद्यार्थी असाच पडला होता. एका दवाखान्यात एक्स-रे निघाला, “फ्रॅक्चर नाही” असे सांगण्यात आले आणि घरचे निर्धास्त झाले. मग मालिश सुरू झाले. परीक्षेच्या वेळी तो दोन ओळी लिहून हात झटकू लागला, तेव्हा पुन्हा दाखवले. स्कॅफॉइड जुळलेलेच नव्हते. शस्त्रक्रिया करून, दुसऱ्या जागेचे हाड लावून, आत स्क्रू बसवावा लागला. पडल्यानंतर लगेच प्लास्टर झाले असते तर बहुधा तेवढ्यावर भागले असते. मुलाचे जवळजवळ एक वर्ष त्यात गेले.

म्हणून एवढे ध्यानात ठेवावे : हातावर पडल्यानंतर या खळग्यात दाबून दुखत असेल, तर एक्स-रे स्वच्छ आला तरी जाणते डॉक्टर हात प्लास्टरमध्ये किंवा पट्ट्यात ठेवतात आणि साधारण दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासून पुन्हा एक्स-रे काढतात. इथे बोटाने कळलेले दुखणे फोटोपेक्षा भरवशाचे मानतात. आपल्या मोहल्ल्यांतल्या हाडवैद्यांवर अनेकांचा विश्वास आहे. पण पडल्यावर दुखणाऱ्या मनगटाला तपासणीआधी चोळणे-ओढणे कुणाकडूनही करून घेऊ नये.

बाळ उचलताना येणारी कळ

त्या खळग्याच्या जरा वर, हाडाच्या कडेवर दुखत असेल आणि बाळाला काखेत धरून उचलताना, तवा उचलताना, कपडा पिळताना कळ येत असेल, तर गोष्ट बहुधा हाडाची नसून कंडरांची असते. अंगठ्याच्या दोन कंडरा इथे एका अरुंद म्यानातून जातात. म्यान जाड झाले की त्या अडकतात. फ्रिट्झ द केर्व्हाँ या स्विस शल्यवैद्याने १८९५ साली या दुखण्याचे वर्णन केले. आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. न्यूयॉर्कचे हॅरी फिंकेलस्टाइन यांनी १९३० साली त्याची चाचणी सांगितली. डॉक्टर रुग्णाचा अंगठा धरून हात झटकन करंगळीच्या बाजूला वळवतात. नेमक्या त्या कडेवर तीव्र कळ आली तर निदान जवळजवळ निश्चित होते. अंगठा मुठीत दाबून स्वतःच हात खाली वळवायची पद्धत लोक एकमेकांना शिकवतात, पण तसे केल्याने निरोगी मनगटही थोडे दुखते. तेवढ्यावरून घाबरू नये.

बाळंतिणींमध्ये हे दुखणे फार दिसते. “बाळंतपणात हवा लागली” म्हणून ते सोडून दिले जाते. अंगठ्याला आधार देणारा पट्टा, उचलण्याची पद्धत बदलणे, गरज पडल्यास एक इंजेक्शन, एवढ्याने बहुतेकींना आराम पडतो. बाळाला अंगठा ताणून उचलण्याऐवजी त्याच्या पाठीखाली तळवा सरकवून उचलावे.

रात्री झटकला जाणारा हात

रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरे वाटते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी मात्र ठीक असते. ही त्या बोगद्यातली नस दबल्याची खूण आहे. डॉक्टर मनगट पुढे वाकवून सुमारे एक मिनिट धरायला सांगतात. मुंग्या आल्या तर संशय पक्का होतो. ही फेलन यांची चाचणी. नसेवर बोटाने टकटक केल्यावर बोटांत झिणझिण्या गेल्या, तर ती टिनेल यांची खूण. जूल टिनेल हे फ्रेंच डॉक्टर. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, त्यांनी ती नोंदवली. शिलाई, जरीकाम करणारे, तसेच मधुमेह, थायरॉइड असलेले आणि गरोदर बाया यांना हा त्रास होऊ शकतो. गरोदरपणातला बहुधा प्रसूतीनंतर उतरतो. बाकीच्यांनी मात्र वाट पाहू नये. नस फार काळ दबलेली राहिली की अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा सपाट होतो आणि सुई धरणे अवघड होते. कारागिराची रोजीच त्या दोन बोटांत असते.

हात बधिर असेल आणि अंगावर संवेदना नसलेला फिकट चट्टाही असेल, तर तो डॉक्टरांना जरूर दाखवावा. कुष्ठरोग नसांवर बसतो आणि त्याचे औषध सरकारी व पालिका रुग्णालयांत मोफत मिळते. जे. जे. रुग्णालयाचे डॉ. नोशीर अंटिया यांनी कुष्ठरोगाने वाकडे झालेले हात शस्त्रक्रियेने पुन्हा कामाला लावण्यात आयुष्याची कितीतरी वर्षे घातली. चट्टा वेळीच दाखवला तर तिथवर जाण्याची वेळच येत नाही.

बाकीच्या खुणा

करंगळीच्या बाजूला, किल्ली फिरवताना किंवा हात टेकून उठताना दुखते तेव्हा तिथल्या कूर्चेची चकती दुखावलेली असू शकते. मनगटाच्या पाठीवर मऊ किंवा टणक गोल गाठ असेल तर ती बहुधा पाण्याची गाठ असते. त्रास देत नसेल तर ती तशीच ठेवतात. पुष्कळदा आपोआप जिरते. जाड पुस्तक मारून ती फोडण्याचा जुना प्रकार करू नये. दोन्ही मनगटे सुजलेली, सकाळी तासाहून अधिक आखडलेली आणि असे कित्येक आठवडे चाललेले असेल, तर तो संधिवात असू शकतो. तिथे रक्ततपासणी लागते आणि उपचार जितका लवकर तितका सांधा वाचतो. मनगट लाल, गरम, सुजलेले आणि सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वयस्क बायका मोरीत घसरून हातावर पडतात तेव्हा रेडियसचे टोक मोडते आणि हात उलट्या काट्या-चमच्यासारखा दिसतो. डब्लिनच्या अब्राहम कॉलेस यांनी हे फ्रॅक्चर १८१४ साली वर्णिले. एक्स-रेचा शोध त्यानंतर ८१ वर्षांनी, १८९५ मध्ये लागला. यंत्र नसताना त्यांनी ते नजरेने आणि हाताने ओळखले होते.

ही रीत आपल्याला परकी नाही

मनगटावर तीन बोटे ठेवून नब्ज पाहणारे हकीमसाहेब आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिले आहेत. इब्न सिना यांच्या ‘अल-कानून’मध्ये नब्जेचा सविस्तर विचार आहे. कॉर्डोबाच्या अल-जहरावी यांनी आपल्या ग्रंथात हाडे जोडण्यावर स्वतंत्र लिहिले. बगदादचे अब्दुल लतीफ इजिप्तमध्ये असताना, सुमारे १२०० साली, तिथे मोठा दुष्काळ पडला. जागोजागी पडलेले सांगाडे त्यांनी तपासले. खालचा जबडा दोन हाडांचा असतो, असे जालीनूसच्या ग्रंथात होते. त्यांनी दोन हजारांहून अधिक कवट्या पाहिल्या आणि तो एकच हाड असल्याचे लिहून ठेवले. थोरामोठ्यांच्या ग्रंथाचा मान राखूनही डोळ्यांनी पाहिले आणि हाताने चाचपले ते खरे मानायचे, ही शिस्त त्यांनी पाळली. केसपेपरवर काही लिहिण्याआधी रुग्णाचा हात हातात घेणारा डॉक्टर तेच करत असतो.

पट्टा बांधल्यावर नमाज

अनेक जण वुजूसाठी पट्टा काढतात किंवा प्लास्टर भिजेल म्हणून ते लावूनच घेत नाहीत. दोन्हींची गरज नाही. जखमेवरच्या पट्टीवर आणि प्लास्टरवर ओला हात फिरवून मसह करण्याची सवलत आपल्या फिकहमध्ये आहे. सजद्यात टेकायच्या सात अवयवांत दोन्ही हात येतात हे खरे. पण ज्याला दुखण्यामुळे हातावर भार देता येत नाही, त्याच्यासाठी दीनमध्ये आसानी आहे. बारकावे आपल्या आलिमांना विचारून घ्यावेत. बायकांनी हवे तर महिला डॉक्टरांना दाखवावे. त्या नसतील तर घरच्या कुणाला सोबत घ्यावे. इलाजासाठी गरजेपुरता हात दाखवायला मनाई नाही.

जाताना

परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर आणि भायखळ्याचे जे. जे. या तिन्ही रुग्णालयांत हाडांचा बाह्यरुग्ण विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा. तपासणीनंतर पट्टा आणि हाताचे व्यायाम सांगितले तर ते टाळू नयेत. निम्मा इलाज त्यातच असतो. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्न करून मुंबईच्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली केईएममध्ये व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. आशियातले ते पहिले. दुखावलेला हात पुन्हा रोजच्या कामाला कसा लावायचा, हेच ते शास्त्र. हाजी अलीला १९५५ पासून असलेल्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेतही हे काम चालते.

जाण्याआधी बांगड्या, घड्याळ काढून ठेवावे. बाहीचा कपडा कोपरापर्यंत सहज वर जाईल असा असावा. दाखवायला जायचे असेल तर दोन-चार दिवस मेहंदी लावू नये, तिच्याखाली लाली लपते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्याव्यात. मुंग्या कोणत्या बोटांना येतात ते आदल्या रात्री लक्ष देऊन पाहावे. सगळ्यात जास्त दुखणारी एक जागा शोधून ठेवावी. आणि डॉक्टरांनी “काम काय करता?” असे विचारले, तर “घरीच असते” म्हणून थांबू नये. सकाळच्या पहिल्या बादलीपासून रात्रीच्या शेवटच्या पोळीपर्यंत हात काय काय करतो, ते सगळे सांगावे.